कार्डाचे बिल, ॲपचे कर्ज आणि दंडाची फाईल: दिवाळीनंतर घराचा हिशेब कसा सावरावा

प्रश्न ठाण्याच्या एका नोकरदार दांपत्याचा आहे आणि तो थोडक्यात असा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 85,000 रुपये असून त्यातून गृहकर्जाचा 27,000 रुपयांचा हप्ता जातो. दिवाळीचा बोनस आला तसा संपला. क्रेडिट कार्डाचे बिल 96,000 रुपयांचे आले आहे, शिवाय 48,000 रुपयांचा टीव्ही दुसऱ्या कार्डावर 'नो कॉस्ट ईएमआय'ने सहा हप्त्यांत घेतला आहे. 1,50,000 रुपयांची एक मुदत ठेव आहे, पण ती मोडवत नाही. 'पाच मिनिटांत कर्ज' असे संदेश रोज येतात. त्यातच गेल्या आठवड्यात वाहनाच्या दंडाचा एक संदेश व्हॉट्सॲपवर आला, मिस्टरांनी त्यातली फाईल उघडली, पण 'पुढे काहीच झाले नाही'. बिलाची किमान रक्कम भरून वेळ काढावी, की ॲपवरून कर्ज घेऊन बिल मिटवावे, असे या बाईंनी विचारले आहे. फाईलचा उल्लेख त्यांनी शेवटच्या ओळीत, जाता जाता केला आहे.

मी उत्तराचा क्रम उलटा करतो, कारण बिलाला अजून काही दिवस आहेत आणि त्या फाईलला मात्र आजचा दिवसही नाही.

दंडाचा किंवा लग्नपत्रिकेचा म्हणून जो संदेश येतो, त्याच्याबरोबरच्या फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील, तर ते चित्र नव्हे आणि पत्रही नव्हे. अँड्रॉइड फोनवर बसणारे ते एक ॲप असते. फाईल उघडल्यावर फोन 'अनोळखी स्रोतावरून ॲप बसवू का' असे विचारतो, मग एसएमएस वाचण्याची परवानगी मागतो, आणि घाईत आपण दोन्ही ठिकाणी होकार देतो. त्यानंतर बहुतेक वेळा ॲपचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते, म्हणूनच 'पुढे काहीच झाले नाही' असे वाटते. प्रत्यक्षात आपल्या फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी आता दुसऱ्या कोणाकडे जाऊ शकतो, आणि पैसे त्या दिवशी न जाता पगार जमा होण्याच्या दिवशी जाऊ शकतात. (आयफोनवर एपीके फाईल चालत नाही. पण त्या फोनवरही बनावट संकेतस्थळाचा दुवा तितकाच घातक असतो, तेव्हा निर्धास्त राहू नये.)

तेव्हा हे वाचून झाल्यावर त्या फोनचा मोबाइल डेटा आणि वाय-फाय प्रथम बंद करावे. दुसऱ्या फोनवरून बँकेच्या, कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बोलून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्डे तात्पुरती थांबवायला सांगावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ॲपची संपूर्ण यादी वरपासून खालपर्यंत पाहावी, अनोळखी किंवा बिननावाचे ॲप काढून टाकावे, आणि कॉल कोठे वळवले गेले असल्यास ते रद्द व्हावेत म्हणून ##002# हा क्रमांक डायल करावा. फोटो आणि संपर्क वेगळे जतन करून फोन पूर्णपणे पुसून नव्याने सुरू करणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. कंटाळवाणा आहे, पण मी तोच सुचवेन. पासवर्ड आणि पिन बदलायचे ते दुसऱ्या फोनवरून, याच फोनवरून नव्हे.

पैसे गेल्याचे दिसले तर 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच फोन करावा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असतात आणि ते जेथे असतील तेथे अडकवून ठेवणे पहिल्या काही तासांतच शक्य होते, म्हणून येथे वेळेला किंमत आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानेही जबाबदारी वेळेशीच बांधली. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजी दिवसांत केली, तर त्या नियमानुसार ग्राहकावर भार येत नाही. चार ते सात कामकाजी दिवसांत केली, तर नेहमीच्या बचत खात्यासाठी तो 10,000 रुपयांपर्यंत मर्यादित राहतो. ओटीपी स्वतः सांगितल्यासारखी ग्राहकाची हयगय असेल, तर तक्रार करेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि तक्रारीनंतरचे बँकेचे. फाईल आपण स्वतः उघडली असल्याने बँक हयगयीचा मुद्दा काढेल, हे गृहीत धरावे. म्हणूनच पैसे जाण्याची वाट न पाहता 'फोनमध्ये संशयास्पद ॲप बसले होते' असे बँकेला आजच लेखी कळवून तक्रार क्रमांक घेऊन ठेवावा.

हा संदेश नेमका आताच का आला असावा, हेही समजून घेण्यासारखे आहे. दिवाळीत अर्धा महाराष्ट्र गाडी घेऊन गावी जातो, द्रुतगती मार्गावर वेग मोजणारे कॅमेरे आहेत, आणि त्यामुळे घरी परतलेल्या माणसाला दंडाचा संदेश अगदी खरा वाटतो. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते, म्हणून व्हॉट्सॲपवरच्या पत्रिकेचे कोणाला नवल वाटत नाही. ऑनलाइन खरेदीची दोन-तीन पार्सले वाटेत असतात, म्हणून 'पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा' हा एसएमएस पटतो. परत केलेल्या वस्तूचे पैसे यायचे असतात, म्हणून इंटरनेटवर शोधलेल्या 'ग्राहक सेवा' क्रमांकावरचा माणूस फोनचा पडदा पाहू देणारे ॲप घ्यायला सांगतो आणि आपण ते घेतो. फसवणाऱ्याला आपल्याविषयी विशेष काही ठाऊक असण्याची गरज नसते, कारण या दिवसांत प्रत्येक घरात काय चालू आहे याचा अंदाज कोणालाही बांधता येतो. या हंगामात आपण प्रत्यक्षात जे केले आहे त्याच्याशी जुळणारा संदेश आला, तर तो जुळतो म्हणूनच दुप्पट तपासावा. खरा ई-चलानाचा संदेश साध्या दहा आकडी मोबाइलवरून फाईल घेऊन येत नाही. दंड आहे की नाही हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या किंवा परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः गाडीचा क्रमांक घालून पाहता येते. बँकांची अधिकृत संकेतस्थळेही आता 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाची झाली आहेत, तेही पाहण्याची सवय लावावी. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे घरातल्या ज्येष्ठांना पुन्हा एकदा समजावून सांगावे.

आता बिल. किमान देय रक्कम भरून वेळ काढणे हा फार महाग पर्याय आहे, आणि तो इतका साळसूद दिसतो की सुशिक्षित माणसेही वर्षानुवर्षे त्यात अडकतात. 96,000 रुपयांच्या बिलावर किमान रक्कम साधारण पाच टक्के, म्हणजे 4,800 रुपये असते. ती भरली की विलंब शुल्क टळते आणि पतनोंदीत थकबाकी दिसत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे. उरलेल्या 91,200 रुपयांवर दरमहा साडेतीन टक्के व्याज धरले, तर ते 3,192 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 3,767 रुपये होतात. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा 4,800 भरले, तर मूळ रकमेतून जेमतेम हजार रुपये कमी होतील. पहिल्या वेळी तर व्याज याहूनही अधिक लागते, कारण पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि प्रत्येक खरेदीवर खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज आकारले जाते. एवढ्यावरही भागत नाही. जुनी बाकी शिल्लक असताना त्याच कार्डावर केलेल्या नव्या खरेदीलाही एक दिवसाची सवलत मिळत नाही. उद्या आणलेल्या दुधाच्या पिशवीवरसुद्धा उद्यापासून व्याज लागते.

आपल्या हाताशी यावर जो उपाय आहे, त्याकडे आपण भावनेपोटी पाहत नाही, असे आपल्या पत्रावरून वाटते. ठेव मोडायची नसेल तर मोडू नये. तिच्या तारणावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे बँकेकडून गरजेपुरती उचल, घ्यावा. बँका ठेवीच्या साधारण 90 टक्क्यांपर्यंत, म्हणजे आपल्याबाबत 1,35,000 रुपयांपर्यंत उचल देतात, आणि व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के अधिक असते. ठेवीला साडेसहा टक्के मिळत असतील, तर उचलीवर साडेआठ टक्के धरा. 96,000 रुपयांवर पहिल्या महिन्याचे व्याज 680 रुपये होते. आपल्या 85,000 मधून गृहकर्ज आणि टीव्हीचा 8,000 चा हप्ता जाऊन 50,000 उरतात. घरखर्च 35,000 मध्ये बसवला तर दरमहा 15,000 रुपये या उचलीकडे वळवता येतील. या वेगाने ती सात महिन्यांत फिटते आणि सातही महिन्यांचे मिळून व्याज सुमारे 2,600 रुपये होते. किमान रक्कम भरण्याच्या मार्गात एका महिन्याचे व्याज 3,767 रुपये होत होते, हे शेजारी ठेवून पाहावे.

ठेव थेट मोडली तरी गणित फारसे वाईट नाही. मुदतपूर्व मोडल्याबद्दल व्याजात अर्धा ते एक टक्का कपात होते, इतकेच. तरीही मी ओव्हरड्राफ्टचा सल्ला देतो, आणि त्याचे कारण व्याजात नसून माणसाच्या सवयीत आहे. उचल फेडावी लागते. मोडलेली ठेव पुन्हा करण्याची सक्ती कोणी करत नाही आणि बहुतेक घरांत ती पुन्हा होत नाही. ज्यांच्याकडे ठेव नाही पण घरात सोने आहे, त्यांनी बँकेचे सोनेतारण कर्ज पाहावे, मात्र 'वर्षाअखेरीस एकरकमी फेड' या प्रकारात मुद्दल हलतच नाही आणि दुसरी दिवाळी येईपर्यंत दागिना लॉकरऐवजी बँकेतच राहतो. कार्ड कंपनी बिलाचे हप्ते करून देते, तोही एक मार्ग आहे, परंतु त्यात व्याज, व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क असे तिन्ही धरून तुलना करावी. कोणताही मार्ग निवडला तरी बिल देय तारखेच्या आत भरले जाईल असे पाहावे. तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो अडचणीच्या वेळेसाठी आहे, बेतण्यासाठी नाही.

उचल फिटेपर्यंत हे कार्ड कपाटात ठेवावे आणि खरेदीच्या ॲपमध्ये जतन केलेला त्याचा तपशील काढून टाकावा. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतंत्रपणे बंद करण्याची सोय असते. ती फारच थोडे लोक वापरतात. तिने उधळपट्टी थांबते आणि चोरीही.

ॲपवरच्या कर्जाबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. समजा 20,000 रुपये मंजूर झाले, त्यातून 2,000 रुपये 'प्रक्रिया शुल्क' आधीच कापून 18,000 हातात आले आणि तीस दिवसांनी 21,000 परत करायचे ठरले, तर 18,000 वर महिन्याला 3,000, म्हणजे महिना साडेसोळा टक्क्यांहून अधिक भार पडला. जाहिरातीत मात्र हे 'फक्त पाच टक्के' असे दिसते. डिजिटल कर्जांसंबंधी रिझर्व्ह बँकेचे निर्देश स्पष्ट आहेत: कर्जदाराला सर्व खर्च धरून वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्यपत्रक द्यावे लागते, रक्कम थेट त्याच्याच खात्यात जमा करावी लागते, कर्ज परत करून बाहेर पडण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत द्यावी लागते, आणि ॲपला फोनमधील संपर्क यादी किंवा फोटो उघडता येत नाहीत. बँका आणि नोंदणीकृत वित्तसंस्थांनी कळवलेल्या कर्ज-ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर 2025 पासून उपलब्ध आहे. संपर्क यादीची परवानगी मागणारे ॲप पुढे कोणत्या थराला जाते, हे वसुलीच्या नावाने ज्यांच्या सासरी आणि कार्यालयात फोन गेले आहेत, त्यांना विचारावे. गरजवंताला अक्कल नसते असे आपल्याकडे म्हणतात ते थोडे कठोर आहे, पण बिलाची तारीख जवळ आलेल्या माणसाला दुवा दाबण्यापूर्वी विचार करायला उसंत नसते, हे अगदी खरे आहे. आपली दोन्ही संकटे, बिल आणि फाईल, मला वेगळी वाटत नाहीत ती याच कारणाने. हिशेब कागदावर मांडला, फेडीचा मार्ग ठरला आणि त्याची तारीख घरात दोघांनाही ठाऊक झाली, की असल्या संदेशांची ओढ आपोआप कमी होते.

टीव्हीच्या हप्त्यांबद्दल आपण विचारले नाही, तरी सांगतो, कारण पहिल्या बिलात हप्ता 8,000 पेक्षा जास्त दिसेल आणि आपण गोंधळून जाल. 'नो कॉस्ट' मध्ये बँक व्याज घेतेच. तेवढी सूट विक्रेता किंवा कंपनी आधी देते. 15 टक्के दराने सहा महिन्यांचे हे व्याज सुमारे 2,030 रुपये होते. ते सुटीत वळते झाले, तरी त्यावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 366 रुपये, आपल्यालाच भरावा लागतो, आणि त्यात प्रक्रिया शुल्काची भर पडते. एवढ्यासाठी हप्ते मुदतीपूर्वी बंद करू नयेत. बंद करण्याचेही शुल्क असते, त्यामुळे आहे ते चालू द्यावे.

यापुढची ओढाताण जानेवारीत सुरू होते आणि तिचा विचार बहुतेकांनी केलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत कार्यालय प्राप्तिकराच्या गुंतवणुकीचे पुरावे मागते. जुन्या करप्रणालीत राहून एप्रिलमध्ये घोषित केलेली गुंतवणूक केलीच नसेल, तर राहिलेला कर जानेवारी ते मार्चच्या पगारांतून कापला जातो. बोनसही पगाराचाच भाग असल्याने नव्या प्रणालीतही वर्षाचा कर वाढू शकतो. मिस्टर किंवा आपण शिकवण्या, घरभाडे असे पगाराबाहेरचे उत्पन्न मिळवत असाल आणि टीडीएस (आधीच कापला गेलेला कर) वजा जाता कर 10,000 रुपयांवर जात असेल, तर 15 डिसेंबरपर्यंत आगाऊ कराचे एकूण 75 टक्के भरलेले असावे लागतात. त्याच सुमारास शाळेच्या दुसऱ्या सत्राची फी येते, विम्याचे हप्ते येतात, आणि लग्नसराईतला आहेर येतोच. म्हणून वर सांगितलेले दरमहाचे 15,000 हे डिसेंबरपर्यंत पूर्ण भरावेत आणि जानेवारी ते मार्च ते 8,000 वर आले तरी चालेल असे आताच धरून चालावे. फेड एक-दोन महिने लांबेल, व्याज काही शे रुपयांनी वाढेल. मोडणाऱ्या कडक योजनेपेक्षा टिकणारी सैल योजना मला केव्हाही पसंत आहे.

पुढच्या दिवाळीसाठी आपल्या सोसायटीत भिशी सुरू होते आहे आणि तिच्यात जावे का, असेही आपण पत्रात विचारले आहे. ओळखीच्या दहा-बारा बायकांची, वहीत सही घेऊन चालणारी छोटी भिशी वाईट नाही, तिच्यामुळे अनेक घरांना शिस्त लागली आहे. परंतु ती नोंदलेली नसते, तेव्हा कोणी मध्येच हात वर केले तर दाद मागणे जिकिरीचे होते. 'दरमहा ठरावीक परतावा' असे शब्द जेथे येतील तेथून तर निघूनच यावे. दादरमध्ये टोरेस या गुंतवणूक योजना चालवणाऱ्या कंपनीच्या दुकानासमोर जानेवारी 2025 मध्ये जमलेली गर्दी आठवावी. दर आठवड्याला मिळणारे पैसे थांबेपर्यंत तेथे सगळे सुरळीतच दिसत होते. सणाला 60,000 रुपये लागतात असे धरले, तर पुढच्या अकरा महिन्यांत महिन्याला 5,455 रुपयांची बँकेतली आवर्ती ठेव पुरते. मात्र ही ठेव उचल फिटल्यानंतर उरलेल्या महिन्यांत, थोड्या छोट्या रकमेने सुरू करावी. साडेआठ टक्क्यांची उचल अंगावर ठेवून साडेसहा टक्क्यांची ठेव करण्यात अर्थ नाही. तेवढ्यात सण बसवावा लागला तर बसवावा. ऋण काढून सण न करण्याची शिकवण आपल्याला नवी नाही.

पैसे कोठे ठेवावेत, याबद्दल एकच सूचना करतो. बँकेतील ठेवींना, व्याजासह, प्रत्येक बँकेत प्रत्येक खातेदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो, आणि तो सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थांच्या ठेवींना मात्र तो लागू नाही. एक टक्का जास्त व्याजासाठी अडीअडचणीचा पैसा पतसंस्थेत ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. त्याचप्रमाणे धनत्रयोदशीला ॲपवरून 'डिजिटल गोल्ड' घेतले असेल, तर ते सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, नियंत्रणाखाली येत नाही, असा इशारा सेबीने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. सराफाकडून घेतलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, असतो. भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो घालून शुद्धता आणि नोंद आजच जुळवून पाहावी, पावती हाताशी आहे तोवर.

फाईलच्या प्रकरणाचा एक धागा अजून उरतो. फोनमधून आधार किंवा पॅनची छायाचित्रे गेली असतील, तर आपल्या नावावर कोणी कर्ज काढल्याचे लगेच कळत नाही. सिबिलसारखी प्रत्येक पतमाहिती कंपनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देते. आपण आणि मिस्टर, दोघांनीही तो जानेवारीच्या मध्यावर काढावा, म्हणजे दिवाळीनंतरच्या नोंदी त्यात आलेल्या असतील. न घेतलेले कर्ज किंवा न केलेली चौकशी दिसली, तर त्या कंपनीकडे आणि संबंधित बँकेकडे त्याच दिवशी लेखी हरकत घ्यावी. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर त्यापुढील प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. बँकेनेच दाद दिली नाही, तर तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि तिला शुल्क नाही. आज बँकेकडून घेतलेला तक्रार क्रमांक तेथे लागेल.